पत्ता बदलताना प्रश्न विचारावा

२ मार्च, रविवार

आज पुन्हा हरलो. पुन्हा कप विसळले.

रविवारी दुपारी लाँड्रीचं शटर अर्धं ओढून आमचा चौघांचा डाव बसतो. मालक, डागवाल्या बाई (डाग काढायचं काम त्यांच्याकडे, नजरही तशीच), इस्त्रीच्या खोलीतला माझा साडू आणि काउंटरवरचा मी. पैसे लावायचे नाहीत हा मालकांचा नियम. हरेल त्याने चहाचे कप विसळायचे. त्या कपांना माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागल्याचं मला आठवत नाही.

साडू जिंकतो. म्हणजे जिंकतोच. मी बदामचा राजा जपून ठेवावा, तर हा नेमका एक्का घेऊन त्याची वाट बघत बसलेला. मी हुकूम दडवला की हा उतारीच बदलतो. एवढं नशीब माणसाला नसतं. याचं नशीब एवढं जोरदार असतं तर हा माझा साडू झाला नसता. (हे वाक्य हिच्या नजरेस पडता कामा नये.)

माझ्या बाजूने मी पूर्ण काळजी घेतो. बसतो तो गिऱ्हाइकांच्या मोठ्या आरशाला पाठ लावून. मागे भिंत, भिंतीला आरसा. माझ्यामागे उभं राहून पत्ते बघायची कोणाची टाप नाही.

म्हणजे एकच शक्यता उरते. साडू पत्ते बदलतो.

आज मालकांसमोर तोंड उघडणारच होतो, पण तेवढ्यात त्यांनी बातमी दिली. एप्रिलमध्ये पुलापलीकडे नवी ब्रँच. मॅनेजर आपल्यातलाच करायचा. मला असा माणूस हवा, म्हणाले, ज्याच्या हातून इकडची वस्तू तिकडे होत नाही. आणि माझ्याकडे बघितलं. खरं म्हणजे माझ्या खांद्यावरून बघितलं, पण दिशा माझीच होती.

काउंटरवर इतकी वर्षं काढली. ब्रँच माझीच.

३ मार्च, सोमवार

संकल्प: साडूला रंगेहाथ पकडायचं. त्यासाठी आधी ती विद्या आपल्याला आली पाहिजे. काट्याने काटा काढायचा.

मोबाइलवर एक टोपीवाला सापडला. तो काय बोलतो ते कळत नाही, भाषा परकी आहे, पण हात बोलतात. युक्ती अशी: डाव्या हातात गड्डी, उजव्या हातात एक पत्ता. दोन्ही हात क्षणभर जवळ आणायचे. उजव्यातला पत्ता गड्डीवर ठेवायचा आणि गड्डीवरचा पत्ता अंगठ्याने सरकवून घेऊन निघायचं. झालं. लोकांना वाटतं, पत्ता तोच आहे.

दोन नियम. एक, आपण आपल्या हातांकडे बघायचं नाही. आपण बघितलं की सगळे बघतात. दोन, बदलायच्या क्षणी समोरच्याला प्रश्न विचारायचा. माणूस उत्तर शोधायला लागला की त्याचे डोळे रिकामे होतात.

सोपं आहे. तीन दिवसांत जमेल.

५ मार्च, बुधवार

जवळजवळ जमलं. पत्ता बदलतो, फक्त बाकीची गड्डी खाली पडते.

ही समोर भाजी चिरत होती. बदलताना हिला विचारलं, गॅस बंद केलास का. हिने गॅसकडे बघितलं. उत्कृष्ट! पुन्हा विचारलं. पुन्हा बघितलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा गॅसकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला हवं का.

हिचाही थोडा संशय येतो. बहिणीशी फोनवर बोलताना आवाज खाली जातो. बहीण म्हणजे साडूची बायको.

८ मार्च, शनिवार

घरची गड्डी नाहीशी. ही म्हणते, तिला माहीत नाही. हिला सगळं माहीत असतं.

पण अडलं नाही. आमच्या लाँड्रीची नंबर कार्डं आहेत ना! पुठ्ठ्याची, गुळगुळीत, गोल कोपऱ्यांची, मापाने थेट पत्त्याएवढी. प्रत्येक नंबरची दोन. एक हँगरला लावायचं, दुसरं गिऱ्हाइकाला द्यायचं. गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं की तो नंबर शोधून कपडा हातात. आयुष्यभर हाताळलेली वस्तू. टोपीवाल्याकडे अशी कार्डं नाहीत.

आज काउंटरवरच सराव केला. गिऱ्हाईक समोर, कार्डांची चळत डाव्या हातात, त्याचं कार्ड उजव्या हातात. विचारायचं, हा बाहीवरचा डाग कसला हो? माणूस बाहीकडे बघतो. बदल! नंतर अर्थात पुन्हा जागच्या जागी बदलायचं. तेवढं भान मला आहे.

सात गिऱ्हाइकं झाली, कोणाला पत्ता नाही. एका बाईंनी तर डाग कसला ते सांगायला बराच वेळ घेतला. माणसं किती बेसावध असतात! ब्रँच माझ्या ताब्यात आली की स्टाफला सावधपणा शिकवीन.

९ मार्च, रविवार

पुरावा मिळाला. ऐन डावात, नेमका मी चौकटचा गुलाम टाकायच्या बेतात असताना साडूने मला विचारलं, भाऊजी, साखर पुरेशी आहे ना चहात?

प्रश्न! बदलायच्या क्षणी प्रश्न! टोपीवाल्याचा नियम नंबर दोन!

मी कपाकडे बघितलं नाही. साडूच्या हातांकडे बघितलं. हात स्थिर होते. म्हणजे भलताच तयारीचा गडी आहे.

आणखी एक. तो माझ्याकडे सरळ बघतच नाही. सतत खांद्यावरून मागे. नजर मिळवायची हिंमत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. डागवाल्या बाईही तशाच मागेच बघतात, पण त्यांना भिंतीवरसुद्धा डाग दिसतात.

हरलो. कप विसळले. साखर पुरेशी होती.

१२ मार्च, बुधवार

गडबड सुरू झाली. बारा नंबरचं कार्ड घेऊन शिपाईदादा आले. बारा नंबरच्या हँगरला बायकांचा लांब निळा कोट. त्यांनी बिचाऱ्यांनी तो अंगाला लावूनही बघितला.

मी कपडे बरोबर देतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. कपडा माझ्याकडून आत जातो आणि इस्त्रीच्या खोलीतून बाहेर येतो. आत कोण असतं? मी मुद्दाम काहीही बोललो नाही. फक्त साडूकडे बघितलं. तो म्हणाला, असू द्या भाऊजी, मी बघतो काय ते.

किती पटकन म्हणाला! कुठेतरी पाणी मुरतंय.

१४ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी दुकान बंद करताना साडू भलं मोठं बोचकं घेऊन मागच्या दाराने निघाला. विचारलं, काय हे? तर म्हणे, काही नाही, जरा जाऊन येतो. शीळ वाजवत गेला. इतका वेळ शीळ वाजवणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही.

ब्रँचसाठी याने डाव टाकलाय. माझ्या काउंटरवरची कार्डं बदलायची, माझं नाव खराब करायचं, वर गिऱ्हाइकांचे कपडे पळवायचे. एका दगडात किती पक्षी ते मी मोजणार नाही.

माझा सराव उत्तम चालू आहे. हल्ली हात आपोआप बदलतात. कधी बदललं ते मलाही कळत नाही. टोपीवाला यालाच सिद्धी म्हणत असावा.

१६ मार्च, रविवार

हरलो. कप. एकाचा कान तुटला. निसटला. हात थकलेत.

१८ मार्च, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा.

मालकांनी स्वतःचा काळा कोट धुवायला दिला. ब्रँचच्या उद्‌घाटनाला घालायचा आहे. म्हणाले, जिवापेक्षा जपा. माझ्याच हातात दिला, साडूच्या नाही! मी सत्तेचाळीस नंबरचं कार्ड काढलं आणि मागे ठळक अक्षरांत लिहिलं, मालक.

आणि मग मोह आवरला नाही. खुद्द मालकांपुढे केलं. विचारलं, मालक, कॉलरवर हा डाग कसला? त्यांनी मान वाकवली. बदल! हँगरला लागलं बावन्न, सत्तेचाळीस माझ्या काउंटरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात. मालकांना तसूभरही शंका आली नाही. तिथेच मी परीक्षा पास झालो.

लगेच परत बदलणार होतो, तेवढ्यात फोन वाजला. उद्या आठवणीने करायचं.

२० मार्च, गुरुवार

आज तीन तक्रारी. तिघांनाही विचारलं, तुम्ही कार्ड कुठे दुसऱ्याच्या हातात दिलं होतं का? तिघेही नाही म्हणाले. तिघेही नाही म्हणतात म्हणजे काहीतरी ठरवून चाललंय.

ही रोजनिशी कोणी वाचतंय का ते तपासायला पानात एक केस ठेवला होता. केस गेला. यापुढे दुसरा उपाय शोधावा. केस वाया घालवण्यासारखी माझी परिस्थिती नाही.

२३ मार्च, रविवार

वाईट बातमी. मालकांचा कोट सापडत नाही! सगळे रॅक पालथे घातले. साडू घामाघूम होऊन शोधत होता. फारच चांगला अभिनय.

मालक म्हणाले, पुढच्या रविवारी डाव झाला की मॅनेजरचं नाव सांगतो. कोट हरवलेल्या दुकानात कोणावर विश्वास ठेवायचा हेच कळेनासं झालंय, असंही म्हणाले. मला त्यांची फार दया आली. त्यांच्या कोटावर कोणाची नजर होती ते मला माहीत आहे.

हरलो. डागवाल्या बाई माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, तुमची बोटं हल्ली नुसती वळवळत असतात, काही त्रास होतो का. बाईंवरही लक्ष ठेवायला हवं.

२५ मार्च, मंगळवार

साडूचा पाठलाग केला.

बोचकं घेऊन तो बेकरीच्या मागच्या चाळवजा इमारतीत शिरला. मी समोरच्या दुकानातल्या छत्र्या बघत उभा राहिलो. दुकानदार दोनदा विचारून गेला. साडू बाहेर आला तेव्हा हातात वेगळेच कपडे होते. बायकांचा लांब निळा कोट मी तिथूनही ओळखला! मग दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या घरी. प्रत्येक दारात हात जोडून उभा, काहीतरी गोड बोलतोय, आत एक कपडा देतोय, बाहेर दुसरा घेतोय.

अदलाबदल! पत्त्यांत तेच आणि कपड्यांतही तेच. गडी एकाच विद्येवर जगतोय.

दुकानदाराला बरं वाटावं म्हणून एक छत्री घेतली. घरी आधीच तीन आहेत.

२७ मार्च, गुरुवार

ही जेवताना एकदम म्हणाली, त्याच्याशी जरा नीट वागा, तुमच्यासाठी बिचारा किती करतो. कोण, विचारलं, तर ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, तुम्हाला ब्रँच मिळावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

हिला त्याने बोलण्यात गुंडाळलंय. हिच्यावर राग नाही. बहिणीच्या नवऱ्यावर विश्वास टाकणं हा या घराण्याचा दोषच आहे.

गॅस बंद केलास का, विचारलं. हिने गॅसकडे न बघता ताटं उचलली.

२९ मार्च, शनिवार

उद्याची योजना.

नवी गड्डी विकत आणली. तिच्यातला इस्पिकचा एक्का जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. उद्या हुकूम इस्पिक आला (मीच म्हणायला लावीन) की शेवटच्या हाताला साडूकडे बघत, हातांकडे अजिबात न बघता, मालकांना प्रश्न टाकायचा. किरकोळ पत्त्याच्या जागी एक्का. सगळे थक्क. मग मी उभा राहणार आणि सांगणार: बघितलंत? पत्ता असा बदलतात. आणि हा माणूस असाच बदलतोय, पत्तेही आणि कपडेही! छत्रीच्या दुकानातून पाहिलेलं सगळं सांगायचं. मालक उठून माझा हात हातात घेणार.

प्रश्न कोणता ते ठरवलं. मालकांच्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. मालक, तुमचा कोट सापडला का?

त्यांचे डोळे भरून येतील. एक्का काय, हत्ती टाकला तरी दिसायचा नाही.

मॅनेजर म्हणून पहिलं काम: साडूला माफ करायचं. नातं आहे.

३० मार्च, रविवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. हुकूम इस्पिक. शेवटचा हात. खिशात हात घातला, गोल कोपरे लागले, घेतलं. नजर साडूवर. प्रश्न विचारला, मालक, तुमचा कोट सापडला का? आणि पत्ता टेबलावर आपटला.

सगळे टेबलाकडे बघत राहिले. मला वाटलं, थक्क झालेत. मी उभा राहिलो, बघितलंत, एवढं म्हणालोही.

मालक म्हणाले, बघतोय. हे सत्तेचाळीस आहे.

टेबलावर इस्पिकच्या दश्शीवर आमच्या लाँड्रीचं नंबर कार्ड पडलं होतं. मालकांनी ते उलटलं. मागे ठळक अक्षरांत, माझ्या अक्षरांत, मालक.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी गडबडून बोचक्याचं काढलं. बेकरी, निळा कोट, दारोदारची अदलाबदल, सगळं भराभर ओकलो. साडू खाली बघत होता. मालकांनी दोनदा विचारल्यावर बोलला. म्हणाला, भाऊजींच्या काउंटरवरून तीन आठवडे कार्डं उलटसुलट जातायत. ज्यांचे कपडे चुकले त्यांच्या घरी जाऊन मी बदलून आणत होतो, माफी मागत होतो. तुमच्या कानावर येऊ दिलं नाही. ताईंनी सांगितलं होतं, ब्रँच मिळावी अशी भाऊजींची फार इच्छा आहे. म्हटलं, तेवढे दिवस निभावून नेऊ. कोट तेवढा राहिला, तो कोणाकडे गेला तेच कळेना.

मी म्हणालो, बावन्न. एवढंच म्हणालो. डागवाल्या बाई लगेच म्हणाल्या, बावन्न म्हणजे ते उंच मास्तर, त्यांच्या कोटावर शाई होती, उद्या आणता येईल.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ज्याला मी चोर समजून छत्र्यांआडून बघत होतो, तो माझ्या चुकांसाठी दारोदार हात जोडत होता. स्वतःची ब्रँच घालवून. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं.

पण एक शंका राहिली होती, ती विचारल्याशिवाय राहवेना. मग तू दर रविवारी जिंकतोस कसा?

साडू लाजला. मालकांनी खोकल्यासारखं केलं. शेवटी बाई म्हणाल्या, मागे बघा.

मागे बघितलं. आरशात मी होतो, आणि माझ्या हातात उरलेला बदामचा राजा. लख्ख दिसत होता. आरसा मीच रोज पुसतो.

सांगितलं का नाही कोणी? विचारलं. बाई म्हणाल्या, सांगणार होतो बरेचदा, पण मग कप कोण विसळणार?

६ एप्रिल, रविवार

काल ब्रँच उघडली. मॅनेजर साडू. मालक काळ्या कोटात छान दिसत होते. कॉलरवर डाग नाही, तेव्हाही नव्हताच.

मला काढून टाकणार होते. साडूने मालकांना सांगितलं म्हणे, भाऊजी माझ्याबरोबर येतील, माणूस मनाचा चांगला आहे. ब्रँचमध्ये मी काउंटरवरच. पण पुठ्ठ्याची कार्डं बंद. पितळी बिल्ले आणलेत, भोक पाडलेले, एक साखळीने हँगरला अडकवायचा, जोडीचा गिऱ्हाइकाच्या हातात. हे बिल्ले माझ्यामुळेच आले हे कोणीही मान्य करील.

त्याचे आभार मानायचे होते. तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा नवी छत्री त्याच्या हातात दिली आणि परत घेतली. चौथ्या वेळी दिली ती राहू दिली. तो म्हणाला, ऊन आहे की भाऊजी. पण नेली.

दुपारी डाव बसला. आरशाला पाठ करून साडू स्वतःहून बसला, मी समोर. आता त्याचे सगळे पत्ते मला दिसणार! तरी हरलो. पूर्ण वेळ मी माझ्याच हातांकडे बघत होतो. आरशात ते खरोखर सफाईदार दिसतात. विद्या वाया गेलेली नाही, फक्त क्षेत्र चुकलं.

संध्याकाळी घरी टेबलावर नवी गड्डी मांडून बसलो. एकच शेवटचा सराव. ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, अहो, गॅस बंद केलात का?

मी गॅसकडे बघितलं. बंद होता.

वळलो तर टेबलावर गड्डी नव्हती. तिच्या जागी चहाचे दोन उष्टे कप.